मागच्या रांगेचा माइक



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय, इतिहास, शेती, आरोग्य असे भारदस्त विषय ऐकत असता. त्या मानाने आमचा आजचा विषय अगदीच बाजारहाटाचा वाटेल. पन्नास-शंभर माणसांच्या व्याख्यानासाठी साधी ध्वनियंत्रणा कोणती घ्यावी, आणि बिनतारी माइक घ्यावा की घेऊ नये, एवढाच तो विषय आहे. परंतु किरकोळ दिसणाऱ्या वस्तूंत कित्येकदा मोठा हक्क दडलेला असतो. वजनकाटा ही अशीच एक किरकोळ वस्तू. पण तिचे महत्त्व काय, हे साखर कारखान्याला ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला विचारावे. माइक हा सभेचा वजनकाटा आहे. कोणाचा शब्द किती वजनाचा ठरणार, हे पुष्कळसे त्याच्यावर ठरते.

आम्ही कामगार संघटनेत काम करणारी माणसे. शाळेत थोडे शिकलो, उरलेले वाचनालयात आणि सभांत शिकलो. गेली तीस वर्षे कारखान्याच्या दारात, चाळीच्या चौकात आणि देवळाच्या सभामंडपात बोलत आलो आहोत. तेव्हा विजेच्या शास्त्राचे जाणकार म्हणून नव्हे, तर ज्यांचे सारे काम शब्द ऐकू जाण्यावर चालते, अशा माणसांचा अनुभव म्हणून आमचे म्हणणे ऐकावे.

पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झाली, तेव्हा सभेत आवाज वाढवणारे यंत्रच नव्हते. वक्त्याची छाती हेच यंत्र. अमेरिकेत जेन्सन आणि प्रिडहॅम या दोघांनी १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत मोठ्या जमावापुढे आपला ध्वनिवर्धक वाजवून दाखवला. आपल्याकडे १९३०च्या दशकात नानिक मोटवाने यांच्या शिकागो रेडिओ कंपनीने काँग्रेसच्या सभांना कर्णे पुरवले. पंडित नेहरूंच्या जुन्या छायाचित्रांत माइकवर तीच अक्षरे दिसतात. त्याआधीची मंडळी कसे ऐकत असतील? ती जवळ बसत. कीर्तनात हरदासाच्या पायाशी गर्दी होई, टाळकरी ध्रुपद उचलून धरीत आणि एकच चरण चारदा कानी येई. औंधला हे निराळे सांगायला नको. येथले राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे चित्रकार तसेच कीर्तनकारही होते, आणि १९४० पासून चालत आलेला येथला संगीतोत्सव म्हणजे नीट बसून नीट ऐकण्याची शाळाच.

यंत्र आले आणि माणसे लांब बसू लागली. लांब बसलेल्याचे काय होते, तेथपासून आम्ही सुरुवात करतो.

खटाव-माण भागातील किती तरी घरांतून माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला, तो मोडला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि पुष्कळजण गावी परतले. त्यांतले जे साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात होते, त्यांनी वर्षानुवर्षे शेकडो साच्यांच्या खडखडाटात दिवस काढले. तेथे शेजारच्या माणसाशी बोलायचे तर ओठ आणि हातवारे. हल्ली आपल्या शेजारी विट्याच्या यंत्रमागांवर तीच कथा आहे. अशा गोंगाटाने कान जातो. पण तो सगळा एकदम जात नाही. सेकंदाला ४००० कंपनांच्या आसपासचे बारीक स्वर आधी जातात. १९४८ च्या कारखाने कायद्याने गोंगाटाचा बहिरेपणा सरकारला कळवण्याच्या रोगांच्या यादीत धरला होता. यादीत आला, तरी कान काही परत आला नाही.

आता भाषेची गंमत पाहा. अ, आ, ओ हे स्वर जाड, खालच्या पट्टीतले. ते या माणसाला नीट ऐकू येतात. स, श, फ यांसारखी व्यंजने बारीक, वरच्या पट्टीतली, ती गळतात. ‘साठ’ या शब्दातला स गळाला की उरते ‘आठ’. समजा, व्यासपीठावरून सांगितले, ‘थकबाकीची साठ टक्के रक्कम या महिन्यात मिळेल,’ तर मागच्या रांगेतला साचेवाला ऐकतो, ‘आठ टक्के’. त्याला आवाज येतो, शब्द येत नाही. तो मान डोलावतो, कारण पुन्हा विचारायची लाज वाटते. सभा संपते, हात वर होतात, ठराव मंजूर होतो. या मंजुरीला काय अर्थ उरला?

म्हणून आमचे पहिले सूत्र असे : यंत्रणा मोठ्या आवाजासाठी घ्यायची नाही, स्पष्ट शब्दासाठी घ्यायची. आवाज वाढवला की जाडे स्वर आणखी जाडे होतात आणि बिचारा स त्यांच्याखाली अधिकच दडपतो.

खरेदीला जाण्यापूर्वी दोन कामे फुकटात होण्यासारखी आहेत. पहिले, खोलीतला गोंगाट कमी करणे. बोलणे खोलीतल्या गलबल्याहून १५ डेसिबलने तरी वर असावे, असे जाणकार सांगतात. खडखडणारा पंखा बंद केला किंवा जनरेटर भिंतीआड नेला, तर यंत्राचे अर्धे काम तेथेच झाले. दुसरे, घुमणे कमी करणे. १८९५ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात व्याख्यानासाठी बांधलेल्या नव्या दालनात कोणालाच काही समजेना. वॉलेस सेबाइन नावाच्या तरुण अध्यापकाने शोध घेतला, तेव्हा रिकाम्या दालनात उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळत असल्याचे आढळले. त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या बैठकींच्या गाद्या रात्री आणून मांडल्या आणि घुमणे मोजत मोजत शास्त्र रचले. आपल्या दगडी सभामंडपाला आणि पत्र्याच्या सभागृहाला तीच गोष्ट लागू आहे. जाड सतरंज्या अंथराव्यात, मागच्या भिंतीला पडदे किंवा गोधड्या टांगाव्यात. सर्वांत उत्तम गादी म्हणजे माणूस; सभागृह भरले की घुमणे आपोआप कमी होते. रिकाम्या खोलीत पारख केलेला आवाज भरल्या सभेत वेगळा लागतो, तो याच कारणाने.

आता बाजारात जाऊ. दुकानदार पहिली गोष्ट सांगेल ती वॅटची. खोक्यावर ‘पाच हजार वॅट’ असे छापलेले असते, आणि खाली बारीक अक्षरांत ‘पी.एम.पी.ओ.’. हा आकडा म्हणजे लग्नात सांगितलेला वराचा पगार. आपण आर.एम.एस. किती, हे विचारावे. सतत देता येणारी खरी शक्ती तीच. शिवाय वॅट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. दुप्पट वॅटने अवघे ३ डेसिबल वाढतात, ते कानाला जेमतेम कळतात; आवाज दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. शंभर माणसांच्या बंदिस्त सभागृहात बोलण्यासाठी खरे ५० ते १०० वॅट पुष्कळ झाले.

कर्णा घ्यावा का? कर्णा थोड्या विजेत लांब पल्ला गाठतो, म्हणून दवंडीला आणि मोर्चाला तो उत्तम. पण त्याचा आवाज मधल्या पट्टीत दाटतो, वरची बारीक पट्टी तोकडी पडते, आणि तासभराच्या व्याख्यानाला तो कानाला बोचतो. व्याख्यानाला पेटीचा स्पीकर घ्यावा. त्यात जाड स्वरांचा आठ-दहा इंची पडदा आणि बारीक स्वरांचा वेगळा छोटा स्पीकर, असे दोन्ही असावेत. छोटे स्पीकर उभे रचलेला खांबासारखा प्रकारही चांगला. तो आवाज छताकडे कमी आणि माणसांकडे अधिक फेकतो. अंगचीच बॅटरी असलेला घेतल्यास वीज गेली तरी सभा थांबत नाही.

तो ठेवावा कोठे? जमिनीवर ठेवला तर पहिल्या रांगेच्या पाठी आवाज पिऊन टाकतात. तिवईवर, बसलेल्यांच्या डोक्यांच्या वर, थोडा खाली झुकवून, शेवटच्या रांगेकडे तोंड करून ठेवावा. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. स्पीकर उंचावर असला की पहिल्या आणि शेवटच्या रांगेच्या अंतरांतला फरक कमी होतो आणि पुढच्याचे कान न फोडता मागच्यापर्यंत शब्द जातो. सभागृह लांबट असेल तर मध्यावर दुसरा छोटा स्पीकर लावण्याचा मोह होतो. तेथे एक जपावे. वाऱ्यातून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तारेतून मात्र तत्काळ पोचतो. दोन स्पीकरांत १७ मीटरांचे अंतर पडले की मागच्याला तोच शब्द सेकंदाच्या विसाव्या भागाने पुन्हा ऐकू येतो, आणि शब्दाला शब्द चिकटतो. साध्या सभागृहात एकच स्पीकर योग्य जागी, हे बरे.

संचावर ‘इको’ नावाचे एक बटण असते. ते गाण्याच्या हौशीसाठी असते. ते फिरवल्याने वक्त्याचा आवाज आकाशवाणी झाल्यासारखा वाटतो आणि वक्ता खूष होतो. श्रोत्याला मात्र एक अक्षर कळत नाही. ते शून्यावर ठेवून वर चिकटपट्टी लावावी. जाड पट्टीचे बटण थोडे उतरवावे, बारीक पट्टीचे उतरवू नये.

माइक एकाच दिशेने ऐकणारा, गाण्याबजावण्यात हातात धरतात तसल्या गुंडाळीचा घ्यावा. तो पडला-झडला तरी टिकतो. तोंडापासून चार बोटे ते एक वीत, एवढ्या अंतरावर धरावा. वितीच्या दोन विती झाल्या की बोलण्याचा जोर ६ डेसिबलने कमी होतो आणि माइकवाला आवाज वाढवतो. मग स्पीकरचा आवाज माइकात, माइकचा पुन्हा स्पीकरात, असे चक्र फिरून शिट्टी सुरू होते. शिट्टी हा यंत्राचा दोष नव्हे. माइक स्पीकरच्या मागे ठेवावा, तोंडाजवळ धरावा, न लागणारे माइक बंद ठेवावेत. जाळीभोवती मूठ आवळू नये. आवळली की एका दिशेचा माइक चारी दिशांचे ऐकू लागतो आणि हमखास शिट्टी मारतो.

आता बिनतारी माइक. त्याचे नवल आम्हांलाही आहे. कॉलरला लावायचा मटराएवढा माइक ज्या तत्त्वावर चालतो, तो इलेक्ट्रेट माइक १९६२ साली गेर्हार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनी बेल प्रयोगशाळेत सिद्ध केला. वेस्ट हे कृष्णवर्णीय अमेरिकन. ज्यांना व्यासपीठावर बोलू दिले जात नव्हते अशा समाजातल्या माणसाने जगाला माइक दिला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. पहिला २.४ गिगाहर्ट्‌झचा. कमी शक्तीच्या अशा संचाला परवान्याची गरज नसते. पण मोबाईलचे वाय-फाय त्याच लहरींवर चालते, आणि माणसांची शरीरे त्या लहरी अडवतात. लहान सभागृहात, समोरासमोर दहा-पंधरा मीटरांत, तो ठीक चालतो. दुसरा यू.एच.एफ. त्याचा पल्ला आणि भरवसा अधिक. मात्र लहर बदलता येणारा घ्यावा, आणि आपल्या देशात वापरण्यास मान्यता असलेला आहे का, हे विचारून पावती घ्यावी. ७०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातला जुना संच कोणी स्वस्तात देऊ केला तर घेऊ नये. तो पट्टा २०२२ च्या लिलावात मोबाईल कंपनीकडे गेला आहे. ब्लूटूथवर चालणारे माइक टाळावेत. त्यांत शब्द उशिरा पोचतो आणि बोलणारा स्वतःच्याच आवाजाने अडखळतो. लहरी पकडणारा डबा लोखंडी कपाटामागे न ठेवता माइकच्या दृष्टीसमोर ठेवावा. आणि आमचे मत विचाराल तर पेन्सिल सेलवर चालणारा घ्या. सेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. आत बसवलेली बॅटरी म्हातारी झाली की सारा संच अडगळीत जातो. व्याख्यानाच्या दिवशी नवे सेल घालावेत. आणि तारेचा एक माइक जवळ असावाच.

येथे आमचे मुख्य म्हणणे येते. बिनतारी माइक वक्त्यासाठी घेऊ नका. वक्ता एका जागी उभा असतो. त्याला तारेचा माइक पुरतो, तो स्वस्त असतो आणि ऐनवेळी दगा देत नाही. कॉलरचा माइक सुटसुटीत खरा. पण तो तोंडापासून लांब, छातीवर असतो, साडीच्या पदराशी नि दागिन्याशी घासतो आणि लवकर शिट्टी धरतो. फळ्यावर लिहीत शिकवणाऱ्या शिक्षकाला तो हवा, आमच्यासारख्याला नको. बिनतारी माइक घ्यायचा तो श्रोत्यांसाठी. तो हातातला असावा, आणि प्रश्नांच्या वेळी रांगारांगांतून फिरावा.

आम्ही सांगतो ते सभांतून पाहिलेले आहे. व्यासपीठावर चार माइक आणि खाली एकही नाही, अशी सभा पुष्कळदा भरते. खालून कोणी प्रश्न विचारतो. तो शेजारच्या दोघांना ऐकू येतो. वरून उत्तर येते, ते सगळ्यांना ऐकू येते. प्रश्न काय होता हे कोणालाच माहीत नसते, म्हणून उत्तर बरोबर होते की बगल देणारे होते, हेही कोणाला ठरवता येत नाही. पुढारी मोठा ठरतो, विचारणारा कटकट्या ठरतो. यात कोणी लबाडी करावी लागत नाही. तारेची लांबीच ती लबाडी करते. आणि मागे बसणारे कोण असतात? बायका, वयस्क, कामावरून उशिरा आलेले. ज्यांच्यापाशी प्रश्न जास्त, त्यांच्यापाशी आवाज कमी. आपला आवाज त्या पेटीतून बाहेर पडलेला प्रथमच ऐकून बुजणारी बाई दुसऱ्या वेळी ठाम बोलते, हेही आम्ही पाहिले आहे.

औंधकरांना तर याचा अर्थ आमच्याहून अधिक कळावा. ७२ गावांच्या या संस्थानात १९३९ साली राजाने गांधीजींच्या सल्ल्याने आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली आणि निवडलेल्या ग्रामपंचायतींच्या पायावर राज्यकारभार उभा केला. राजाज्ञा रयतेला ऐकवण्याची सोय जगात सर्वत्र होती. रयतेचे वर ऐकू जावे, ही सोय विरळ. मागच्या रांगेत फिरणारा माइक म्हणजे त्याच गोष्टीचे छोटे रूप आहे.

आणखी दोन शब्द शेजाऱ्यांविषयी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे ध्वनिवर्धकाला लेखी परवानगी लागते, उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ तो लावता येत नाही, आणि वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबलची, रात्रीची ४५ची आहे. वसंत ऋतू हा परीक्षांचाही काळ. सभागृहात चांगला ऐकू येणारा पण भिंतीबाहेर न जाणारा आवाज, हीच चांगल्या यंत्रणेची खूण. ज्याला यायचे तो येऊन ऐकेल. न येणाऱ्याच्या कानात ज्ञान ओतण्याचा अधिकार कोणालाही नाही.

खरेदीपूर्वी परीक्षा करावी ती दुकानात नव्हे, आपल्या सभागृहात. पंखे चालू, वीस-पंचवीस माणसे बसलेली. पुढून एकाने वीस शब्द वाचावेत : साठ, आठ, सात, हात, फळ, तळ, शाळा, माळा, असे. ते वाचताना तोंडासमोर वही धरावी, म्हणजे ओठ वाचता येणार नाहीत. शेवटच्या रांगेत गिरणीतून परतलेला एखादा साचेवाला आणि एखादी आजी यांना बसवावे. त्यांना ऐकू आले ते त्यांनी सांगावे आणि शेजारच्याने लिहून घ्यावे. वीसपैकी अठरा बरोबर आले तर पैसे मोजावेत. तरुण कानाच्या माणसाने पुढच्या खुर्चीवर बसून दिलेला ‘वा, झकास’ हा दाखला ग्राह्य धरू नये. आणि प्रत्यक्ष व्याख्यानात मात्र ओठ लपवू नयेत. वक्त्याच्या चेहऱ्यावर उजेड असावा, माइक हनुवटीखाली असावा; कमी ऐकणारा माणूस अर्धे डोळ्यांनी ऐकतो.

शेवटची सूचना. यंत्र घेतले की ते कुलपात जाते आणि किल्ली एका माणसाच्या खिशात राहते. तसे करू नये. शाळेतली दोन मुले आणि दोन मुली यांना ते जोडायला, लावायला, पुसून ठेवायला शिकवावे. एकाने मागच्या रांगेत बसून हाताची खूण करावी, दुसऱ्याने बटणापाशी बसून ती पाहावी. ज्या गावात चार जणांना यंत्रणा हाताळता येते, त्या गावात कोणाचा माइक कोणी बंद करू शकत नाही.

आता आमचे बोलणे पुरे. प्रश्न असतील ते मागच्या रांगेपासून सुरू करू. माइक तिकडे पाठवा.